वर्षाचं कार्ड

मारुतीनं बोटाच्या पेरानं आधी काळा डबा वाजवून पाहिला, मग पांढरा. लाकूड असतं तर आवाजावरून त्यानं आतली ओल सांगितली असती. हे दोन्ही नुसतेच टक् वाजले.

“कलिंगड आहे काय अण्णा ते?” काउंटरमागून गणेश म्हणाला. “वाजवून कळत नाही त्यातलं.”

“मग कशावरून कळतं?”

“मला विचारून.”

गणेशचं दुकान कोप्पीकर रोडला एका जिन्याखाली होतं. पूर्वी तो रेडिओ दुरुस्त करायचा. आता कॉलेजची पोरं शिक्षण संपलं की टाकून जातात ती टीव्हीवरच्या खेळांची यंत्रं विकत घ्यायचा, साफ करून पुन्हा विकायचा. त्याच्या दोन्ही मुली मारुतीच्या पाळण्यात झोपून मोठ्या झाल्या होत्या. त्यामुळं मारुतीशी दुकानदारासारखं बोलणं त्याला जमत नव्हतं.

“हे काळं प्लेस्टेशन, हे पांढरं एक्सबॉक्स,” तो सांगू लागला. “घरात बसून खेळायला दोन्ही सारखीच. फरक कुठं, तर फोनच्या तारेतून परगावच्या माणसाबरोबर खेळायचं असलं तर. काळ्यावर ते फुकट. एकदा नाव घातलं की झालं. पांढऱ्यावर नाव घालायला पैसे नाहीत, निरोप धाडायला नाहीत. पण दुसऱ्याबरोबर खेळायचं म्हटलं की वर्षाचं कार्ड घ्यावं लागतं.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी.”

“आणि नाही घेतलं तर?”

“नाव राहतं. सोबत बंद.”

मारुती थोडा वेळ पांढऱ्या डब्याकडं बघत राहिला. “पैसे घेऊन जास्त काय देतात?”

“पोरं म्हणतात, तिथं आवाज स्वच्छ येतो. आता पैसे भरलेला माणूस आवाज घाण आहे म्हणून सांगेल होय?”

“आवाज येतो?”

“येतो की. कानाला लावायचं आणि बोलायचं. दोन्हीवर येतो.”

“मग हे काळं दे,” मारुती म्हणाला. “मी पाळणा विकतो. विकला की विकला. दरवर्षी पोराच्या बापाकडं जाऊन झोपेचे पैसे मागत नाही.”

गणेश हसला. तारा गुंडाळता गुंडाळता त्यानं विचारलं, “कुणासाठी अण्णा?”

मारुतीचा हात पिशवीत गेला. आत प्लायवूडचा एक तुकडा होता. त्यानं तो चाचपला आणि हात रिकामाच बाहेर काढला.

“घरीच लागतंय,” तो म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी मारुतीची मुलगी योगिता पुण्यात चार दिवसांच्या तापात गेली, हे गणेशला ठाऊक होतं. म्हणून त्यानं पुढं काही विचारलं नाही.

*

मारुती मूळचा अळणावरकडच्या एका खेड्यातला. अकराव्या वर्षी तो कलघटगीला एका मेस्त्रीकडं राहिला आणि पाळणे करायला शिकला. सागवानाची चौकट, तिच्यावर लाखेचे लाल-पिवळे रंग, चारी बाजूंना राघू आणि कमळं. पुढं हुबळीत कमरीपेठेत त्यानं स्वतःचं दुकान घातलं. विकायचे पाळणे पुढच्या खोलीत असत. मागच्या खोलीत एक पाळणा असे, तो विकायचा नव्हता. पेठेत कुणाच्याही घरी बाळ झालं की तो त्या घरी जाई. त्याचं भाडं घ्यायचं नाही, अशी मेस्त्रीची शिकवण होती. बाळ मोठं झालं की माणसं त्यात मूठभर तांदूळ घालून तो परत आणत. रिकामा आणत नसत.

पाळणा परत आला की मारुती त्याच्या तळाला, फळीच्या उलट्या बाजूला, त्या आईची खूण करी. सुरुवातीला रंगाचे ठिपके होते, कारण त्याला अक्षर येत नव्हतं. पंचेचाळिसाव्या वर्षी योगितानं त्याला अक्षरं शिकवली. ती तेव्हा नववीत होती. कापलेल्या फळ्यांच्या तुकड्यांवर कोळशानं अक्षर काढायची आणि म्हणायची, “अप्पा, राघू काढताय तसंच काढा, घाबरू नका.” तेव्हापासून पाळण्याखाली ठिपक्यांऐवजी नावं येऊ लागली. बारावं की तेरावं नाव योगिताचं होतं. तिचा ओंकार त्यात झोपला होता.

अक्षर आल्यापासून मारुती हाताला लागेल ते वाचायचा. दुकानांच्या पाट्या, बसवरची गावं, भजी बांधून आलेला कागद. एकच कागद त्यानं वाचला नव्हता. दीड वर्षापूर्वी जावयानं, उमेशनं, दुसरं लग्न केलं. त्याची पत्रिका पोस्टानं आली. पाकिटावरचं पुण्याचं नाव बघून त्यानं ती तशीच बायकोच्या, सीतेच्या हातात दिली. नवी मुलगी कोण, कुठली, हे त्यानं विचारलं नाही, आणि सीतेनंही सांगितलं नाही.

पाळणा योगिता गेल्यापासून मागच्या खोलीत एका जुन्या धोतरात बांधून टांगलेला होता. सुरुवातीला एकदोन घरांतून मागणं आलं. मारुती म्हणाला, कडी तुटलीय. तिसऱ्यांदा कुणी आलं नाही.

*

रविवारी गणेशनं घरी येऊन तारा जोडल्या, मारुतीचं नाव घालून दिलं आणि चहा पिऊन तो गेला. तो गेल्यावर मारुतीनं प्लायवूडचा तुकडा मांडीवर घेतला. त्यावर पेन्सिलीनं इंग्रजीत एक नाव लिहिलेलं होतं, शेवटी दोन आकडे. मे महिन्यात ओंकार चार दिवस आला होता तेव्हा त्यानंच लिहून दिलं होतं. “अज्जा, फोनवर मला बोलायला नाही सुचत. तुम्ही यावर या. खेळता खेळता बोलू.” अज्जा म्हणायला त्याला योगितानं शिकवलं होतं. पुण्यात त्याच्या वर्गातलं कुणीच आजोबांना अज्जा म्हणत नव्हतं.

इंग्रजी अक्षरं मारुतीला वाचता येत नव्हती. पडद्यावरच्या अक्षरांच्या ओळीतून तो फळीवरच्या आकारासारखा आकार शोधून काढी आणि बटण दाबी. एक नाव घालायला पाऊण तास लागला. पडद्यावर दोन ओळी आल्या. त्यानं सीतेला हाक मारली. तिलाही त्या वाचता येत नव्हत्या. त्यानं नाव पुन्हा घातलं. पुन्हा त्याच दोन ओळी आल्या.

“आकडा चुकला असेल,” सीता म्हणाली.

“माझा आकडा चुकत नाही.”

“मग पोराचा चुकला म्हणायचं.”

तिसऱ्या दिवशी त्यानं पुण्याला फोन लावला. उमेशनं उचलला.

“हां अप्पा, बरे आहात ना? थांबा, देतो.”

पावलं वाजली, एक दार लागलं, जिना आला. मग वाऱ्याचा आणि गाड्यांचा आवाज येऊ लागला. हल्ली ओंकार नेहमी गच्चीत जाऊनच बोलायचा. का, ते मारुतीला कळत नव्हतं. पूर्वी फोनमधून त्या घरातलं सगळं ऐकू यायचं. कुकरची शिट्टी, योगिताचं ओरडणं, टीव्ही. आता नुसतं आभाळ.

“अज्जा, तुमच्याकडे कुठला आहे?” सगळं ऐकून ओंकारनं विचारलं.

“काळा. फुकटवाला.”

“ओह. माझा दुसरा आहे. त्यावरून यावर नाही येता येत.”

“का?”

“दोन वेगळ्या कंपन्या आहेत ना.”

“माझा फोन बीएसएनएलचा आहे. तुझ्या बाबांचा दुसऱ्या कंपनीचा. लागतोच की.”

“ते फोनचं आहे, अज्जा.”

खालून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

“जेवलास?”

“हो.”

“शाळा?”

“हो. चालू आहे.”

फोन ठेवून मारुती डब्यासमोर जाऊन बसला. पडद्यावर कुठकुठली नावं चमकत होती. “फुकटच्या गावात सगळं जग राहायला आलंय,” तो म्हणाला, “आपलं एक पोर सोडून.”

“मग दुसऱ्या गावाला जावा,” सीता तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “पोर बघायला जाताना माणूस तिकिटाचा विचार करतो होय?”

*

“आधी सांगायचं की अण्णा,” गणेश म्हणाला. प्लायवूडचा तुकडा काउंटरवर दोघांच्या मध्ये होता.

“सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस.”

गणेशनं काळा डबा परत घेतला आणि पांढरा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिला. मग त्यानं खणातून एक हिरवं कार्ड काढलं. मागं एक करडी पट्टी होती. ती खरवडली की लांबलचक अक्षरं निघायची, ती डब्यात घालायची.

“बारा महिने,” गणेश म्हणाला. “पुढच्या डिसेंबरात पुन्हा.”

मारुतीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. वजन नव्हतं काहीच. एका हॉटेलवाल्यानं भिंतीला टांगायला चार पाळणे नेले होते, त्याचे पैसे त्यानं बाजूला ठेवले होते. ज्या पाळण्यांत कुणी झोपणार नाही असे पाळणे त्यानं त्याआधी कधी केले नव्हते.

“पुढच्या डिसेंबरात मी नसलो तर?”

“काय अण्णा, चांगल्या कामाला असं बोलतात होय?” गणेशनं फडकं खाली ठेवलं. “नाव राहतं. सांगितलं की मी.”

*

दुसऱ्या रविवारी दुपारी साडेचारला मारुती टीव्हीसमोर पाटावर बसला. डोक्याला पट्टी, एका कानावर मऊ वाटी, तोंडासमोर बोटाएवढी काडी. सीतेनं दारातून बघितलं.

“रेल्वेच्या चौकशीतल्या बाईसारखे दिसताय,” ती म्हणाली. “गाडी किती वाजता सुटणार म्हणा.”

“गप बस, पोराला ऐकू जाईल.”

ओंकारचं नाव पडद्यावर हिरवं झालं होतं. गणेशनं दाखवलं होतं ते बटण मारुतीनं दाबलं. कानात आधी खरखर झाली आणि मग, अगदी कानाच्या पाळीशी बसून बोलावं तसा आवाज आला.

“अज्जा? खरंच तुम्ही?”

मारुतीनं मान हलवली. मग आपली मान तिकडं दिसत नाही हे ध्यानात येऊन म्हणाला, “मीच की.”

“मी बाबांना म्हटलं होतं तुम्ही येणार, ते म्हणाले अज्जांना नाही जमणार. थांबा हं, मी गाडीची रेस लावतो. सोपी. तुम्हाला लाल गाडी देऊ? उजव्या बोटानं दाबून ठेवा, सोडू नका.”

मारुतीनं दाबून ठेवलं. लाल गाडी सुटली आणि सरळ जाऊन एका भिंतीला लागली.

“अज्जा, वळवायचं असतं.”

“रस्ता वळतोय हे आधी सांगायला नको?”

ओंकार हसला. मारुतीनं ते हसू तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. मे महिन्यात तो चार दिवस राहिला होता तेव्हाही नाही. त्यानं गाडी मागं घेतली, पुन्हा भिंतीला लावली. यावेळी मुद्दाम.

“अज्जा.”

“अरे, भिंतच मध्ये येतेय.”

ओंकार बोलत होता. न विचारता बोलत होता. वर्गातल्या एका मुलानं पायमोज्यात बेडूक आणला होता. गणिताच्या बाई नवीन आल्या होत्या. त्याचे दोन दात पडले होते, एक त्यानं जपून ठेवला होता. मारुती फक्त “होय?” आणि “मग?” म्हणत होता. पोराच्या मागं घर ऐकू येत होतं. भांडं घासल्याचा आवाज. पंखा. कुणीतरी बाईनं हळू आवाजात काहीतरी विचारलं आणि ओंकार तोंड बाजूला करून म्हणाला, “दोन मिनिटं, आई.”

मारुतीचं बोट बटणावरून सुटलं. लाल गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

“अज्जा, दाबा ना.”

“दाबतो.”

गाडी पुन्हा चालू लागली. एक वळण त्यानं नीट घेतलं. दुसरंही घेतलं. तिसऱ्या वळणाला कानात बाळ रडलं.

आवाज बारीक होता. आधी एकदा थांबून अंदाज घेतल्यासारखा, मग सलग. मारुतीनं आयुष्यभर हा आवाज ऐकला होता. दोन महिन्यांचं बाळ असं रडतं, सहा महिन्यांचं तसं नाही. तेवढ्यात कानातलं सगळं बंद झालं. पंखाही गेला. पडद्यावर ओंकारची निळी गाडी सरळ जाऊन कठड्याला लागली आणि तिथंच राहिली.

मारुतीनंही आपली गाडी तिच्यामागं नेऊन थांबवली.

बऱ्याच वेळानं खरखर झाली. पंखा परत आला.

“अज्जा, आहात ना?”

“आहे.”

“तो टीव्हीचा आवाज होता.”

गच्ची का ते आता मारुतीला कळलं. वर्षभर हे पोर फोन घेऊन जिना चढत होतं. आधी पोटातल्या बाळाची बातमी सांभाळायला, मग त्याचा आवाज. कुणी सांगितलं असेल तसं. अज्जाला वाईट वाटेल, सांगू नको. अकरा वर्षांच्या मुलाला मग बोलायला काय सुचणार?

“असेल,” मारुती म्हणाला. “टीव्हीला भूक लागली असेल.”

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“ती रोज याच वेळी रडते,” ओंकार म्हणाला.

“झोपते कशात?”

“पलंगावर. दोन्हीकडून उशा मी लावतो.”

“उशा पातळ लाव. तोंडाजवळ नको.”

“हो.”

“चल आता, गाडी काढ. मागं रांग लागलीय.”

“मागं तुम्हीच आहात, अज्जा.”

“म्हणूनच म्हणतोय.”

*

डोक्यावरची पट्टी काढून मारुती उठला तेव्हा पाच वाजून गेले होते. सीता दारातच होती.

“बोलला?”

“पुष्कळ बोलला.”

“मग तोंड असं का?”

तो मागच्या खोलीत गेला. स्टुलावर चढून त्यानं धोतराच्या गाठी सोडल्या. तीन वर्षांची धूळ खाली आली. त्यानं कड्या एकेक करून हातानं ओढून पाहिल्या. चारही घट्ट होत्या. पाळणा उतरवून त्यानं जमिनीवर पालथा घातला, ओल्या फडक्यानं तळ पुसला. आधी ठिपके, मग नावं. योगिताच्या नावाच्या खाली आणखी पाच होती. त्यांच्याखाली दोन बोटं जागा होती.

“कोण आलंय मागायला?” सीतेनं विचारलं.

“मागायला कोणी आलं नाही.”

तो दुकानातून बारीक ब्रश आणि लाल रंगाची वाटी घेऊन आला आणि पाळण्यापाशी मांडी घालून बसला.

“ती पत्रिका कुठं ठेवलीयस?”

सीता त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं पालथ्या पाळण्याकडं बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या टीव्हीवरच्या थांबलेल्या लाल गाडीकडं. तिनं पदर तोंडाला लावला.

“मुलगा की मुलगी?”

“‘ती’ म्हणाला.”

सीता आत गेली. डब्यांच्या फळीवरचा कागद उचलल्याचा आवाज आला. तिनं आणून दिलेलं पाकीट अजून नवंच होतं. मारुतीनं चष्मा लावला आणि अक्षरांखाली बोट धरून वाचायला लागला. उमेशचं नाव गेलं. पुढच्या ओळीत जोडाक्षराशी त्याचं बोट नेहमीसारखं अडलं. अशा वेळी योगिता म्हणायची, “अप्पा, फोडून वाचा.” त्यानं फोडलं. अर्धा ज होता, आणि मग यो. यो त्याला चांगला ओळखीचा होता.

“ज्योती,” तो म्हणाला.

“ज्योती,” सीता म्हणाली. ती ते नाव दीड वर्ष एकटीच ओळखत होती.

त्यानं ब्रश रंगात बुडवून वाटीच्या काठाला निथळला.

“नाव पाळणा परत आल्यावर लिहितात,” सीता हळूच म्हणाली.

“हा परत येणार नाही.”

बाहेरचा उजेड कमी होत चालला होता. सीता खिडकीशी गेली आणि नीट दिसावं म्हणून तिनं दोन्ही झडपा भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या.